परदेशात स्टिअरिंग हातात घेण्याआधी: लायसन्सपासून क्लेमपर्यंत

स्कॉटलंडमधल्या एका अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्या बसला वाट द्यायला मी गाडी डावीकडे दाबली आणि मागचं चाक गवतात लपलेल्या दगडावर चढलं. टायर फाटला, रिम घासली. तरी मी निवांत होतो. बुकिंगच्या कागदावर 'कोलिजन डॅमेज वेव्हर समाविष्ट' असं छापलेलं होतं (वेव्हर म्हणजे भाड्याच्या गाडीच्या नुकसानीच्या पैशांत मिळणारी सूट), शिवाय पुण्याहून निघताना काढलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स बॅगेत होता. गाडी परत करताना काउंटरवरच्या मुलीने अगदी हसतमुखाने 210 पौंडांची पावती पुढे केली. टायर-रिम वेव्हरमध्ये बसत नाहीत, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सचा गाडीशी संबंध नसतो. दोन्ही गोष्टी कागदावर लिहिलेल्या होत्या, मीच त्या वाचल्या नव्हत्या.

त्यानंतर ओळखीचं कोणी 'आम्ही यंदा स्वतः गाडी चालवणार' म्हणालं की मी त्यांना चहाला बोलावून जे सांगतो, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी कोणता कागद काय सांभाळतो ते समजून घ्या

तुमच्या पुण्यातल्या गाडीची पॉलिसी, मग ती कितीही 'झिरो डेप', म्हणजे घसारा न कापणारी, असो, त्या गाडीपुरती आणि भारतापुरती असते. तिच्यासोबत मालक-चालकाचं 15 लाखांचं सक्तीचं अपघात संरक्षण असतं, तेही स्वतःच्या गाडीसाठीच. दुबईत भाड्याने घेतलेल्या गाडीत ते कामाचं नाही.

ट्रॅव्हल इन्शुरन्स सांभाळतो तुम्हाला आणि तुमच्या बॅगेला: दवाखाना, हरवलेला पासपोर्ट, हुकलेलं विमान. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, म्हणून युरोपला जाणारा प्रत्येकजण तो काढतोच. त्यात 'पर्सनल लायबिलिटी' असं एक भारदस्त कलम दिसतं आणि लोकांना वाटतं, चला, कोणाला धडक बसली तरी सुटलो. खाली अपवादांच्या यादीत बघा: वाहन चालवताना झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं सापडेल.

दुसऱ्याला झालेली इजा किंवा दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान भाड्याच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा बघतो. भाड्याच्या गाडीचं स्वतःचं नुकसान बघतो तो वेव्हर. खरं तर हा विमा नव्हेच, 'गाडी ठोकलीत तर पूर्ण पैसे मागणार नाही' एवढंच कंपनीने दिलेलं आश्वासन. पूर्ण नाही, पण काही मागणारच. त्या 'काही'ला एक्सेस म्हणतात, आणि सगळा खेळ तिथे आहे. आपल्याकडे 1500 सीसीपर्यंतच्या कारच्या क्लेममध्ये सक्तीची वजावट 1,000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2,000 रुपये, त्यामुळे हा आकडा आपण कधी मनावरच घेत नाही. तिकडे साध्या हॅचबॅकचा एक्सेस 1,000 ते 2,000 युरो असणं ही रोजची गोष्ट आहे. म्हणजे दार चेपलं तर पहिले लाख-दोन लाख रुपये तुमचे, त्यापुढचे कंपनीचे.

एकाचं काम दुसरा कागद करत नाही. आणि लायसन्स चुकीचं असेल तर हे सगळे कागद रद्दीत घालायच्या लायकीचे उरतात. म्हणून सुरुवात तिथून.

आंतरराष्ट्रीय परवाना: संगम पुलाची एक चक्कर

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओच देतं. वेबसाइटवरून 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' विकणाऱ्या खासगी संस्था दिसतात. ते रंगीत कार्ड दिसायला छान असतं, त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. शहरातल्यांनी संगम पुलाजवळचं पुणे आरटीओ गाठावं, पिंपरी-चिंचवडकरांचं आरटीओ वेगळं आहे. अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवरून भरायचा, नमुना 4-ए, शुल्क 1,000 रुपये. चालू लायसन्स, पासपोर्ट आणि व्हिसा यांच्या प्रती तयार ठेवा. जिथे व्हिसा पोहोचल्यावर मिळतो त्या देशासाठी काय जोडायचं, हे अर्ज भरण्याआधी खिडकीवर विचारून घ्या. एजंटची गरज नाही. संगम पुलाबाहेर पाच मिनिटं उभं राहिलात तर तुम्हाला ती आहे असं पटवणारे दहाजण भेटतील, एवढंच.

परमिट एक वर्ष चालतं, आणि मूळ लायसन्स सोबत असेल तरच चालतं. तेव्हा जुनं लायसन्स संपत आलं असेल तर आधी त्याचं नूतनीकरण करा. पुस्तिका हातात आली की वाहनांच्या प्रकारांपुढचे शिक्के तपासा. तुमच्याकडे फक्त कारचं लायसन्स असेल तर परमिटवर मोटरसायकलचा शिक्का येणार नाही, आणि मग फुकेतला स्कूटर घेणं म्हणजे विनापरवाना चालवणं.

आता देशांची गंमत. आपलं परमिट 1949 च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक कराराखालचं. जपानला हेच परमिट लागतं, त्यामुळे तिथे आपली सोय होते. व्हिएतनाम मात्र 1968 च्या व्हिएन्ना करारातलं परमिट मानतं, आपलं नाही. व्हिएतनाममधल्या 'हा जियांग' या डोंगराळ भागाच्या घाटात स्कूटरवर फिरतानाचे फोटो पुण्यातल्या निम्म्या ऑफिसांत फिरत असतात. त्यातले बहुतेकजण तिथल्या कायद्याने विनापरवाना होते, आणि पडले असते तर 'वैध लायसन्सशिवाय वाहन चालवणे' या अपवादावर विमा कंपनीने हात वर केले असते. तिथे मागे बसून फिरा. चालक-वाटाड्या सहज मिळतो आणि दरी बघायला दोन्ही डोळे मोकळे राहतात.

ब्रिटनसारख्या काही देशांत आपलं इंग्रजीतलं लायसन्स पर्यटकाला कायद्याने पुरतं. तरी परमिट घ्या. भाड्याची कंपनी काय मागेल ते तिच्या अटींवर ठरतं, आणि पहाटे पाच वाजता काउंटरवर कायद्यावर वाद घालायची ताकद कोणात नसते.

बुकिंग करताना

राहण्याचा देश विचारतात तिथे 'भारत' हेच भरा. या एका रकान्यावरून भाडं आणि त्यात काय समाविष्ट आहे हे बदलतं. स्वस्त पडतं म्हणून जावयाचा जर्मनीतला पत्ता टाकणारे मला माहीत आहेत. क्लेमच्या वेळी तो पत्ता गळ्याशी येतो.

मग अटींच्या पानावर तीन आकडे शोधा: थर्ड पार्टीची मर्यादा, एक्सेस, डिपॉझिट. युरोपात थर्ड पार्टी सक्तीचा असतो, त्याच्या मर्यादा मोठ्या असतात आणि तो भाड्यात धरलेला असतो. तिथे त्याची काळजी करू नका. अमेरिकेत करा. तिथे प्रत्येक राज्याची किमान मर्यादा वेगळी आणि बऱ्याचदा अगदीच तोकडी. कॅलिफोर्नियाने 2025 पासून ती वाढवली, तरी एका जखमी माणसामागे ती 30 हजार डॉलरच आहे. तिथल्या दवाखान्यात एक शस्त्रक्रिया झाली की ही रक्कम संपते, आणि वरच्या रकमेचा दावा थेट तुमच्यावर. म्हणून अमेरिकेत पैसे वाचवायचे तर हॉटेलात वाचवा, 'सप्लिमेंटल लायबिलिटी', म्हणजे थर्ड पार्टीची मर्यादा वाढवणारं जादा संरक्षण, मात्र घ्याच. न्यूझीलंड याच्या उलट टोकाला: अपघातातल्या इजेचा उपचार तिथली सरकारी एसीसी योजना पर्यटकांचाही करते, पण परतीचा प्रवास, बुडालेलं बुकिंग हे ती बघत नाही.

एक्सेस शून्यावर आणण्याचे दोन मार्ग. भाड्याच्या कंपनीचं स्वतःचं पूर्ण संरक्षण घ्यायचं, जे महाग असतं. नाहीतर बुकिंग साइटवर मिळणारं स्वस्त 'फुल प्रोटेक्शन'. स्वस्तातल्या प्रकारात नुकसान झालं तर आधी तुम्ही काउंटरवर पैसे भरायचे, मग पुण्याला येऊन कागद पाठवून परत मागायचे. क्लेम मिळतो, मात्र चिकाटी लागते, आणि तोवर कार्डावरची रक्कम अडकून राहते. मी आता चार दिवसांपेक्षा कमी भाड्यासाठी कंपनीचंच घेतो. लांबच्या सहलीत दुसरा प्रकार परवडतो.

कोणताही घेतलात तरी काय वगळलंय ते वाचा. टायर, काचा, छत, गाडीचा खालचा भाग, हरवलेली किल्ली आणि चुकीचं इंधन हे नेहमीचे गैरहजर सदस्य. आइसलँडमध्ये कच्च्या डोंगरी रस्त्यांवर साधी गाडी नेली की वेव्हर संपतो. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात अंधार पडल्यावर कांगारू आडवा आला तर काही करारांत ते नुकसान तुमचं.

कार्डाचं काम निघण्याच्या आठवडाभर आधी करा. डिपॉझिटसाठी बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डच लागतं, तेही मुख्य चालकाच्या नावाचं. बाबांच्या नावे बुकिंग आणि मुलाचं कार्ड, असं चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करा आणि मर्यादा एक्सेसपेक्षा वर ठेवा. दुसरं कोणी गाडी चालवणार असेल तर त्याचं नाव करारात घालायलाच हवं. 'जरा तू घे, मी डुलकी काढतो' असं पुणे-सातारा रस्त्यावर चालतं. तिकडे नाव नसलेल्या माणसाने ठोकली की वेव्हर गेला.

काउंटरवर, आणि मग पार्किंगमध्ये

काउंटरवरचा माणूस तुम्हाला आणखी एक संरक्षण विकणार, हे धरून चाला. 'तुम्ही ऑनलाइन घेतलेलं इथे चालत नाही' हे त्याचं ठरलेलं वाक्य. अर्थ इतकाच की तो ते स्वीकारणार नाही. तुमचा परताव्याचा हक्क जात नाही. शांतपणे नको म्हणा आणि सही करण्याआधी पडद्यावरची एकूण रक्कम वाचा. सही एकदा झाली की 'मला कळलं नव्हतं' हे कोणी ऐकत नाही.

गाडीचा व्हिडिओ काढायला दहा मिनिटं द्या. एका चाकापासून सुरुवात करून गाडीभोवती पूर्ण फेरी, चारही रिम जवळून, बंपरच्या खालच्या कडा, छत, पुढची काच तिरक्या उजेडात, आत ओडोमीटर आणि इंधनाचा काटा. आपण लग्नासाठी मुलगी बघायला गेल्यासारखे लाजत नवी गाडी बघतो. तसं करू नका, वाका, हात फिरवा. कागदावर नसलेला ओरखडा दिसला तर तिथल्या माणसाकडून लिहून घ्या. परत करतानाही हाच व्हिडिओ. किल्ली पेटीत टाकून विमान गाठायचं असेल तर जास्तच.

मग बूट उघडा: त्रिकोण, चमकणारं जाकीट, स्टेपनी किंवा पंक्चर किट. फ्रान्समध्ये जाकीट आणि त्रिकोण गाडीत असणं बंधनकारक आहे. लहान मूल असेल तर सीट आधीच बुक करा. युरोपात उंचीप्रमाणे, देशागणिक 135 किंवा 150 सेंटिमीटरपर्यंत ती सक्तीची आहे, आणि मांडीवर बसवलेल्या मुलाला अपघातात आईचे हात धरून ठेवू शकत नाहीत, कायदा असो वा नसो.

पहिला दिवस चालवू नका

पुणेकराचा परदेश प्रवास उड्डाणाच्या आठ-नऊ तास आधीच सुरू होतो. संध्याकाळी घर सोडायचं, एक्स्प्रेसवे, लोणावळ्याची कोंडी, मुंबईचा विमानतळ, मध्यरात्रीनंतरचं विमान. उतरल्यावर अंगात झोप नसते आणि समोर अनोळखी बाजूचा रस्ता. पहिली रात्र विमानतळाजवळ किंवा शहरात काढा, गाडी दुसऱ्या दिवशी घ्या. एका दिवसाचं भाडंही वाचतं.

ब्रिटन, आयर्लंड, माल्टा, सायप्रस, जपान, थायलंड, मलेशिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथे आपल्यासारखंच डावीकडून. बाकी युरोप, अमेरिका, दुबई, व्हिएतनाम उजवीकडून. उजवीकडून चालवताना गर्दीत चूक होत नाही, पुढच्यामागे जायचं असतं. चूक होते सकाळी हॉटेलच्या रिकाम्या गल्लीतून निघताना आणि पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, जेव्हा समोर कोणी नसतं आणि हात जुन्या सवयीने वळतात. उपाय सोपा आहे: चालकाची खिडकी रस्त्याच्या मधल्या रेषेकडे असली पाहिजे, देश कोणताही असो. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणावर तेवढं मोठ्याने म्हणायचं. आमच्याकडे ते काम बायको करते, आणि तिला ते मनापासून आवडतं. पायी रस्ता ओलांडतानाही हीच सवय घात करते. आपली मान आधी उजवीकडे जाते, पॅरिसमध्ये गाडी डावीकडून येते.

आपल्याकडे डिपर मारला की 'थांब, मी येतोय'. ब्रिटनमध्ये तोच दिवा बहुधा 'तुम्ही जा' असं सांगतो. या एका गैरसमजातून काय होऊ शकतं याची कल्पना करा. इंधनाचंही तसंच: स्पेनमध्ये गॅसोलेओ म्हणजे डिझेल आणि गॅसोलिना म्हणजे पेट्रोल, फ्रान्समध्ये गाझोल म्हणजे डिझेल. झाकणाच्या आतला शब्द वाचून मगच नळी उचला.

गाडीत सामान दिसेल असं ठेवू नका. सॅन फ्रान्सिस्को काचा फोडून होणाऱ्या चोऱ्यांसाठी कुप्रसिद्ध आहे, आणि गाडीत बेवारस ठेवलेल्या बॅगेचा क्लेम ट्रॅव्हल इन्शुरन्स सहसा नाकारतो. बार्सिलोनाच्या आसपास शेजारून जाणारा कोणी 'टायर पंक्चर आहे' असा इशारा करत असेल तर थांबू नका. हळूहळू पुढच्या गजबजलेल्या पंपापर्यंत जा. एकजण टायर दाखवतो, तोवर दुसरा पासपोर्टची पिशवी उचलतो. पासपोर्ट अंगावर, त्याची आणि परमिटची प्रत ईमेलमध्ये.

दारूबद्दल एकच ओळ: अमिरातीत एक घोटही चालत नाही, आणि नशेत ठोकली तर वेव्हर आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स दोन्ही एकदम हातचे जातात.

ठोकलीच तर

आपला जन्मजात स्वभाव 'मिटवून टाकू'. गाडीतून उतरायचं, थोडा आवाज चढवायचा, पाचशे-हजार द्यायचे-घ्यायचे आणि निघायचं. परदेशात हे सगळ्यात महागात पडतं. दुबईत पोलिसांच्या अहवालाशिवाय गॅरेजवाला साधा डेंटही दुरुस्त करत नाही. जपानमध्ये पोलिसांना न कळवता निघालात तर विम्याचा हक्क गमावता.

क्रम असा ठेवा. गाडी सुरक्षित ठिकाणी, धोक्याचे दिवे चालू, जाकीट घालून उतरायचं, सगळे कठड्यापलीकडे. मग फोन: युरोपात 112, अमेरिकेत 911, ब्रिटन आणि अमिरातीत 999, ऑस्ट्रेलियात 000, न्यूझीलंडमध्ये 111. थायलंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी 1669 आणि पर्यटक पोलीस 1155. मग फोटो: दोन्ही गाड्या, नंबरप्लेट, रस्त्यावरच्या खुणा, समोरच्याचं लायसन्स आणि विम्याचा कागद. युरोपात दोन्ही चालकांनी मिळून भरायचा छापील अपघात फॉर्म असतो, बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यात. फक्त काय घडलं ते भरा आणि चित्र काढा. न कळणाऱ्या भाषेतल्या मजकुरावर सही करू नका. 'चूक माझी' असं लिहून किंवा बोलून मोकळं व्हायची घाई नको, ते विमा कंपन्या ठरवतील.

भाड्याच्या कंपनीला त्याच दिवशी कळवा. इजा झाली असेल तर जीव वाचवणारा उपचार आधी, पण दाखल होताच ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या मदत क्रमांकावर फोन करून संदर्भ क्रमांक घ्या. कॅशलेस हवं असेल तर या फोनवाचून ते होत नाही. आईवडिलांचा मधुमेह, रक्तदाब पॉलिसी घेताना लिहिलेला असेल याची खात्री इथूनच करून निघा.

स्वतःची गाडी घेऊन नेपाळ-भूतान

कात्रजहून निघून काठमांडूपर्यंत स्वतःच्या गाडीने जाणारे पुण्यात कमी नाहीत. तुमच्या पॉलिसीला नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान एवढ्याच देशांपर्यंत वाढवता येतं. त्यासाठी 'भौगोलिक क्षेत्र वाढ' हे एंडोर्समेंट म्हणजे पॉलिसीची पुरवणी (क्रमांक आयएमटी-1), जादा हप्ता भरून निघण्याआधी घ्यावं लागतं. नेपाळच्या सीमेवर सोनौलीला पोहोचून फोन केलात तर उशीर झालेला असतो. सीमेवर नेपाळचं भन्सार म्हणजे जकातीची पावती काढा आणि तिची मुदत संपण्याआधी परत या. मूळ आरसी जवळ हवी. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र, गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र.

परत आल्यावर

बोर्डिंग पास, करार, डिपॉझिट सुटल्याचा मेसेज, दोन्ही व्हिडिओ, पोलीस अहवाल, दवाखान्याची मूळ बिलं, सगळं एका पाकिटात. क्लेमची मुदत पॉलिसीत दिलेली असते. जेट लॅग उतरण्याची वाट बघू नका.

भारतीय विमा कंपनीने क्लेम नाकारला तर आधी तिच्याच तक्रार विभागाला लेखी द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षभरात जाता येतं. फी नाही, वकील नको. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. परदेशी भाड्याच्या कंपनीशी असलेलं भांडण मात्र तिथे चालत नाही. त्यासाठी कार्डाच्या बँकेकडे व्यवहारावर हरकत घ्यायची, आणि तेव्हा तो दहा मिनिटांचा व्हिडिओ कामाला येतो.

इटलीत फिरला असाल तर कार्डाचं स्टेटमेंट आणखी काही महिने बघत राहा. तिथल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले झेडटीएल विभाग असतात, फाटक नसतं, फक्त कॅमेरा. आधी भाड्याची कंपनी तुमचं नाव पोलिसांना कळवल्याचे पैसे कापते. खरा दंड नंतर येतो, आणि परदेशी पत्त्यावर तो पाठवायला त्यांच्याकडे 360 दिवस असतात.